मुलांना भाषा शिकवताना भावनांचं नक्की काम काय?

पाटीपेन्सिल:
मी पाच ते दहा वयाच्या मुलांना भाषा शिकवते, म्हणजे त्यांच्या घरी बोलली जात नाही अशी. हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय म्हणून धागा काढतेय. पोस्ट लांब होणार, आधीच सांगून ठेवते.

शिक्षकांच्या कुठल्याही ट्रेनिंगला जा, पहिली स्लाइड ठरलेली असते. मूल आनंदी असेल तर भाषा पटकन येते. मग पुढे गाणी, स्टिकर, टाळ्या, अ‍ॅपमधले उड्या मारणारे प्राणी. यात वाईट काही नाही, पण भावना म्हणजे करमणूक असा अर्थ आपण परस्पर लावून मोकळे झालोय असं मला वाटतं. माझ्याकडे अशी मुलं येतात की ज्यांना ढीगभर गाणी हावभावासकट पाठ असतात आणि खेळताना कोणी ढकललं तर त्याच भाषेत "ढकलू नकोस" एवढं म्हणता येत नाही. गाणं म्हणताना मूल खुश असतं, खरंच असतं, फक्त त्या गाण्यातून त्याला स्वतःचं असं कोणाला काही सांगायचं नसतं.

भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशेनचं "अफेक्टिव्ह फिल्टर", म्हणजे भावनांची गाळणी, या क्षेत्रातल्या सगळ्यांनी ऐकलेलं असतं. कल्पना मुळात डुले आणि बर्ट या दोघींची, क्रॅशेनने ती पुढे गाजवली. मूल घाबरलेलं असेल, कंटाळलेलं असेल, आपल्याला जमणारच नाही असं त्याला वाटत असेल तर कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही असं ते म्हणणं. हा फिल्टर नेमका कुठे असतो, मोजायचा कसा, यावर तेव्हापासून टीका होत आलीय आणि ती रास्तच आहे. पण भीतीचा भाग वर्गात रोज डोळ्यांना दिसतो. १९८६ मध्ये हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी परभाषेच्या तासाला वाटणारी भीती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली केली, ती अजून वापरली जाते. त्यांचा मुद्दा मला फार पटतो. ही भीती परीक्षेच्या नेहमीच्या भीतीपेक्षा वेगळी असते, कारण इथे माणूस स्वतःच लहान होऊन जातो, डोक्यात आहे तेवढं दाखवायला शब्दच नसतात. घरी डायनोसॉरवर अर्धा तास भाषण देणारं सात वर्षांचं मूल माझ्या तासाला "हा चेंडू लाल आहे" यावर येऊन थांबतं, त्याला काय वाटत असेल विचार करा.

तर माझं मत असं की मुलाला काहीतरी सांगायचं असलं पाहिजे आणि समोरच्याला ते ऐकायचं असलं पाहिजे. आनंद असेल तर उत्तमच, पण राग चालतो, हेवा चालतो, "मलाच का नाही" हे तर फारच चालतं. तुम्हा पालकांना, शिक्षकांना काय दिसतं ते लिहा. विरोधी मतं असतील तर जास्त बरं.

खारूताई:
+१. भांडण हा भाषेचा सगळ्यात भारी वर्ग आहे. माझा मुलगा नवीन शाळेत गेला तेव्हा त्या भाषेतलं पहिलं पूर्ण वाक्य जे घरी घेऊन आला ते "आता माझी पाळी आहे, तू आधीच घेतलीस" हे होतं, त्यात काळ, क्रम, तक्रार सगळं आलं आणि पुस्तकात तेव्हा त्यांचं फळांच्या नावांवरच चाललेलं.

पुस्तकांबद्दल तर बोलायलाच नको. त्यात कोणी कधी रडत नाही, कोणाचं काही हरवत नाही, सगळे सकाळी उठून हसत हसत दात घासतात. पाच वर्षांच्या मुलाच्या आयुष्यात दिवसभरात जेवढं नाट्य असतं त्यातलं एक टक्का तरी छापा ना.

सरळरेषा:
धागा चांगला आहे पण मी जरा थंड पाणी ओततो.

भावना भावना करून आपण कारण आणि परिणाम उलटे लावतो का, हे तपासायला हवं. मुलाला भाषा आवडत नाही म्हणून येत नाही, का येत नाही म्हणून आवडत नाही? स्पार्क्स आणि गॅन्शो या दोघांनी १९९० च्या दशकात हॉर्विट्झच्या विरोधात नेमकं हेच मांडलं की बऱ्याच जणांमधली ती भीती ही भाषेतल्या मूळ अडचणीची सावली असते, ध्वनी वेगळे ओळखणं, अक्षर आणि ध्वनी जोडणं हे ज्याला जड जातं तो घाबरणारच. आधी अडचण मग भीती. वाचनाबद्दल तर नेदरलँड्समधल्या जुळ्या मुलांवरचा २०१८ चा मोठा अभ्यास आहे, सात-साडेसात वर्षांची मुलं, त्यातही निष्कर्ष असाच की किती चांगलं वाचता येतं यावर मूल आपणहून किती वाचतं ते ठरतं, उलट दिशेने फारसा परिणाम त्या वयात दिसला नाही.

म्हणजे ज्या मुलाला अक्षरं जोडायला जमत नाहीत त्याला तुम्ही कितीही सुरक्षित वाटायला लावा, मऊ गाद्या टाका, वाचनकोपरे रंगवा, तो पुस्तक उघडणार नाही. त्याला नीट, क्रमाने, रोज अक्षरओळख शिकवा. जमायला लागलं की आवड येईल मागून.

पाटीपेन्सिल:
सरळरेषा, वाचनाच्या बाबतीत तुमच्याशी भांडण नाही. अक्षर-ध्वनीची जोडणी ही शिकवावीच लागते, प्रेमाने कुशीत घेऊन ती आपोआप येत नाही, आणि जमल्याचा आनंद हा कुठल्याही स्टिकरपेक्षा मोठा असतो हेही मान्य.

पण तुम्ही बोलणं आणि वाचणं एकाच टोपलीत टाकताय. बोलणं माणसामाणसात घडतं. आणि दुसरं म्हणजे, अडचणीची सावली म्हणून भीती आली असं समजू, पण एकदा आल्यावर ती गप्प बसून राहते का? ती मुलाला बोलू देत नाही, बोललं नाही की सराव होत नाही, सराव नाही म्हणून अजून येत नाही. सुरुवात कुठून झाली हे संशोधकाला महत्त्वाचं, मला त्या फेऱ्यात मधे कुठेतरी हात घालावा लागतो, आणि मला दोन्हीकडून घालता येतो.

न्यूरॉनवाला:
बोलणं माणसामाणसात घडतं यावरून आठवलं. पॅट्रिशिया कूल यांचा २००३ चा प्रयोग इथे अनेकांना माहीत असेल तरी लिहितो. अमेरिकेतली नऊ महिन्यांची बाळं, घरी फक्त इंग्रजी. काही बाळांसमोर मँडरिन (चिनी) बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून पुस्तकं वाचत होती, खेळण्यांनी खेळत होती, एकूण १२ बैठका, प्रत्येकी २५ मिनिटं. दुसऱ्या गटाला तीच माणसं, तेच साहित्य, पण व्हिडिओवर, तिसऱ्याला नुसता आवाज. नंतर चाचणी घेतली मँडरिनमधले दोन जवळचे ध्वनी वेगळे ओळखता येतात का याची. प्रत्यक्ष माणूस मिळालेल्या बाळांना आले, अगदी घरी मँडरिनच ऐकणाऱ्या तैवानमधल्या बाळांच्या बरोबरीने. व्हिडिओ आणि ऑडिओवाल्यांना काहीही नाही, ज्यांना मँडरिन ऐकवलंच नव्हतं त्यांच्यासारखेच ते राहिले.

लक्षात घ्या, चाचणी ध्वनींची होती, त्यावरून "स्क्रीनने कोणीच काही शिकत नाही" असं कोणी पसरवू नये. २०१४ चा अजून एक प्रयोग आहे रोझबेरी, हर्श-पासेक आणि गोलिंकॉफ यांचा, दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवीन क्रियापदं शिकवली. समोर बसून शिकवलं तरी आली, व्हिडिओ कॉलवर लाइव्ह शिकवलं तरीही आली, पण दुसऱ्या मुलाबरोबर झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवलं तर नाही आली. त्यामुळे दोष पडद्याचा कमी, पलीकडचा माणूस या मुलाला उत्तर देतोय का याचा जास्त. पाटीपेन्सिल म्हणतात ते "समोरच्याला ऐकायचं असलं पाहिजे" हे दोन वर्षांच्या मुलालाही कळतं.

अवांतर: बाळाशी आपण जो लाडिक सूर लावतो त्यावर २००२ चा एक मजेदार अभ्यास आहे. आया बाळाशी आणि घरातल्या पाळीव प्राण्याशी बोलताना आवाज चढवतात, सूरही तसाच मायेचा लावतात, पण स्वर ताणून स्पष्ट करून बोलणं हे फक्त बाळाशीच होतं. म्हणजे माया दोघांवर, शिकवणं मात्र एकालाच, आणि तेही आईच्या नकळत.

खारूताई:
हे पाळीव प्राण्यांचं वाचून जाम हसले. आमच्याकडची मांजर ऐकून घेत नाही त्याचं कारण आता कळलं.

दुभाषी:
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. आमच्या घरी दोन भाषा. मी एक बोलते, नवरा दुसरी, बाहेर तिसरीच. मुलगी सहा वर्षांची, माझी भाषा पूर्ण समजते, गोष्टी ऐकते, जोक कळतात, पण उत्तर देते बाहेरच्या भाषेत. आजीशी फोनवर बोलताना तर अगदी चिडीचूप. सासूबाई म्हणतात उत्तरच देऊ नकोस ती तुझ्या भाषेत बोलेपर्यंत, आपोआप बोलेल. मला ते करवत नाही. पण मग करायचं काय?

जुनाबाक:
दुभाषी, करवत नाही तेच बरोबर आहे. मूल काहीतरी उत्साहाने सांगायला येतं आणि आपण म्हणतो "आधी आपल्या भाषेत सांग मग ऐकते". त्याने काय शिकलं? की आईला माझ्या गोष्टीपेक्षा भाषा जास्त महत्त्वाची आहे. दोन-चार वेळा ते प्रयत्न करेल, मग सांगायलाच येणं कमी करेल. मी वर्षानुवर्षं बहुभाषिक मुलांच्या शाळेत काढलीत, हे इतक्या घरांत बघितलंय.

आणि पाहुण्यांसमोर "बोलून दाखव बरं" हे तर पूर्ण बंद करा, सगळ्यांनीच. मोठ्या माणसाला आपण कधी म्हणतो का चारचौघांत, जरा फ्रेंचमध्ये काहीतरी बोलून दाखवा म्हणून? मूल गप्प झालं की वर आपणच म्हणतो "लाजतंय हो".

फोनवर आजी काय विचारते ते एकदा ऐका. जेवलीस का, अभ्यास केलास का, कधी येणार. तीन प्रश्न आणि तिन्हीची उत्तरं एका शब्दात. त्याऐवजी आजीलाच काहीतरी अडचण असू दे. आजीला कोडं सुटत नाहीये, आजीला तुमच्या लहानपणीची खोडी सांगायचीय पण शेवट उद्या सांगणार आहे. शेवट काय झाला हे विचारायला भाषा लागतेच. सुरुवातीला मोडकी येईल, अर्धे शब्द बाहेरच्या भाषेतले येतील, येऊ द्यात.

दुभाषी:
"शेवट उद्या" हे भारी आहे, आजच फोन करून सांगते आईला.

अजून एक. मी रागावते तेव्हा माझ्या भाषेतच रागावते, आपोआप तेच तोंडात येतं. मुलगी हल्ली मी माझ्या भाषेत मोठ्याने काही म्हटलं की आधी माझं तोंड बघते, चिडले आहे का म्हणून. याचा परिणाम होत असेल का?

न्यूरॉनवाला:
दुभाषी, रागावताना स्वतःची भाषा येणं अगदी स्वाभाविक आहे. कॅथरीन हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये तुर्की मातृभाषा असलेल्या लोकांवर प्रयोग केला होता, त्यांनी इंग्रजी मोठेपणी शिकलेली. बोटांच्या टोकांच्या त्वचेतला घामामुळे होणारा सूक्ष्म बदल मोजला. लहानपणी खाल्लेली बोलणी, म्हणजे "लाज वाटत नाही का" या छापाची वाक्यं, तुर्कीत ऐकल्यावर शरीर जितकं दचकलं तितकं तीच वाक्यं इंग्रजीत ऐकल्यावर नाही दचकलं. नंतर स्पॅनिश-इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये बघितलं तर ज्यांनी इंग्रजी लहानपणीच घेतली होती त्यांच्यात असा फरक दिसला नाही. तेव्हा मुद्दा पहिली-दुसरी असा क्रमांकाचा नसावा, कोणत्या वयात आणि कसल्या प्रसंगात ती भाषा अंगावर आली याचा असावा.

यातून तुमच्या मुलीबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही, तिथे मी गप्प बसतो.

जुनाबाक:
मी नाही गप्प बसत :) दुभाषी, राग तुमच्या भाषेत येतो तो येऊ द्या, खोट्या भाषेत रागावलेलं मुलांना लगेच कळतं आणि हसू येतं त्यांना. बघायचं एवढंच की त्या भाषेत रागाशिवाय दिवसभरात अजून काय काय असतं. काही घरांत मी असं बघितलंय की आईची भाषा म्हणजे आवर, उठ, दात घास, गृहपाठ, आणि मजा, चेष्टा, सिनेमा, गेम सगळं बाहेरच्या भाषेत. मग मूल कुठली निवडेल? तुमच्या भाषेत कारस्थानं करा. बाबांना न सांगता करायच्या गोष्टी. गुपितासाठी तर मुलं काहीही शिकतात.

सरळरेषा:
गुपिताचं पटलं. आता दुसरा बॉम्ब टाकतो. चुका सुधारायच्या की नाहीत? हल्ली पद्धत अशी की मूल चुकलं तरी चूक म्हणायचं नाही, नुसतं बरोबर वाक्य आपण परत म्हणायचं. मूल म्हणतं "मी काल जातो", शिक्षक म्हणतात "हो का, तू काल गेलास? छान!" मुलाला कळतं तरी का की आपलं काही चुकलं?

लिस्टर आणि रांटा यांचा १९९७ चा अभ्यास आहे, कॅनडातले फ्रेंच इमर्शन वर्ग, म्हणजे जिथे बाकीचे विषयही फ्रेंचमधून शिकवतात, मुलं चौथी-पाचवीच्या आसपासची. शिक्षकांच्या सगळ्या दुरुस्त्यांपैकी ५५ टक्के या प्रकारच्या होत्या, रिकास्ट म्हणतात त्याला, आणि मुलांनी त्याची दखल घेऊन काही प्रतिसाद देण्याचं प्रमाण त्यातच सगळ्यात कमी, ३१ टक्के. बाकीच्यांना वाटलं असावं की बाई आपल्या म्हणण्याला दुजोरा देतायत. इतकं हळुवार वागलं की मुलाच्या भावना जपल्या जातात आणि चूकही जपली जाते.

पाटीपेन्सिल:
हा बॉम्ब मला आवडला, कारण माझं म्हणणं यातूनच पुढे जातं.

चूक दाखवली म्हणून मूल दुखावतं यावर माझा फारसा विश्वास नाही. मूल दुखावतं ते चूक कधी आणि कोणासमोर दाखवली, आणि ते जे सांगत होतं त्याचं काय झालं यावरून. मुलगा सांगत आला "माझा कुत्रा काल मरतो", आणि बाई म्हणाल्या "मरतो नाही, मेला". आता तुम्ही सांगा, व्याकरणात बाई बरोबर आहेत, पण त्या मुलाने कुत्र्याबद्दल सांगितलं होतं. आधी कुत्र्याबद्दल बोला. "अरेरे, मेला? कसा रे? कधीपासून होता तुमच्याकडे?" यात बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं आणि बोलणंही चालू राहिलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी खेळ घ्या, काल काय झालं ते सांगण्याचा, आणि तिथे खुशाल अडवा, "काल जातो? थांब, परत सांग". खेळात अडवलेलं मुलांना चालतं, एकमेकांना तर ती फार निर्दयपणे अडवतात.

लिस्टर-रांटांच्याच अभ्यासात ज्या दुरुस्त्यांना जास्त प्रतिसाद आला त्या अशा की जिथे शिक्षकाने बरोबर रूप स्वतः सांगितलं नाही, मुलालाच परत म्हणायला भाग पाडलं. "काय म्हणालास, परत सांग", "काल म्हटल्यावर कसं म्हणशील?" हे मीही करते, पण मूल मनापासून काही सांगत असताना नाही.

आणि थांबायला शिका असं मी नव्या शिक्षकांना सारखी सांगते. मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकून बघितलं, शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात, मग स्वतःच बोलतात नाहीतर दुसऱ्याला विचारतात. तो वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरं लांब झाली, गप्प बसणं कमी झालं, एरवी मागे राहणारी मुलंही बोलायला लागली. हे तर त्यांच्या सवयीच्या भाषेतले तास. परक्या भाषेत मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर ठरवायचं, शब्द शोधायचे, आणि आपण एका सेकंदात म्हणतो "बरं, तू सांग". त्या मुलाला भीती वाटायला अजून काही करायची गरजच नाही. आणि थांबताना चेहरा मात्र वाट बघणाऱ्याचा हवा, घड्याळ बघणाऱ्याचा नको.

सरळरेषा:
कुत्र्याचं उदाहरण देऊन तुम्ही भावनिक ब्लॅकमेल केलंत, नोंद असावी. पण बोलताना नाही, नंतर खेळात स्पष्टपणे, हे मान्य. माझा विरोध फक्त "कधीच नाही" ला होता.

वहीचं_शेवटचं_पान:
इतका वेळ वाचनमात्र होते. मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना शिकवते, तिथे हे सगळं अजून अवघड होऊन बसतं कारण बाईंची भीती कमी आणि मित्रांची जास्त. चांगला उच्चार केला तरी हसतात! चुकीचा केला तर हसतात हे समजू शकते, पण एखाद्याने हुबेहूब उच्चार केला की "ओहोहो" सुरू, मग तो पुढच्या वेळी मुद्दाम वाईट करतो. मी वर्गात उभं करून एकेकट्याला बोलायला लावणं बंद केलंय, जोड्या करते, घरून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून आणायला सांगते, तो फक्त मी ऐकते. त्यात मुलं इतकं वेगळं बोलतात की आवाज ओळखू येत नाही.

एक मात्र आहे, या वयाची मुलं प्रेमात पडतात, चिडतात, घरच्यांवर वैतागतात आणि आपण त्यांना "माझा आवडता ऋतू" लिहायला देतो. मी एकदा "मला न पटलेला नियम" हा विषय दिला आणि वह्या भरून आल्या, शब्द कमी पडले म्हणून स्वतःहून विचारायला आली. व्याकरणाची बोंब होती, पण वाक्यं लांब होती, "जर", "तरी", "म्हणूनच" असं सगळं लागलं त्यांना, कारण भांडायचं होतं.

खारूताई:
मला न पटलेला नियम!! हे मी घरी करणार नाही, यादी संपायची नाही.

जुनाबाक:
वहीचं शेवटचं पान, यावर एक भर. पुष्कळ शिक्षकांना स्वतःलाच ती भाषा बोलायची धास्ती असते. हॉर्विट्झ बाईंनीच नंतर १९९६ मध्ये यावर लेख लिहिला होता, की ही भीती परभाषा शिकवणाऱ्यांनाही असते. मग काय होतं, शिक्षक पुस्तकाबाहेर जातच नाहीत, कारण मुलाने अनपेक्षित काही विचारलं तर आपल्याला शब्द आठवला नाही तर काय. व्याकरणाचा तास सुरक्षित, उत्तरं मागे छापलेली असतात. आपण म्हणतो वर्गात भावना नाहीत, असतात की, बाईंची भीतीच वर्गभर पसरलेली असते. अशा शिक्षकांना आधी शाळेने बोलायची जागा द्यावी, आपापसात, तपासणीला कोणी न येता.

भाप्र_विचारू:
भाबडा प्रश्न. माझा मुलगा पाच वर्षांचा, नव्या भाषेच्या शाळेत जाऊन काही महिने झालेत, शाळेत एक शब्द बोलत नाही. घरी अखंड बडबड. बाई म्हणतात गप्प राहण्याचा काळ असतो, बोलेल. तुमच्या या चर्चेवरून भीती असेल असं वाटायला लागलंय. वाट बघू की काही करू?

पाटीपेन्सिल:
भाप्र, प्रश्न अजिबात भाबडा नाहीये.

नवीन भाषेत गेलेलं मूल काही काळ नुसतं ऐकत राहतं हे खरं आहे, बरीच मुलं तसं करतात आणि तो काळ काहींचा काही महिनेही चालतो. पण बाईंना हे विचारा की तो बोलत नसला तरी बाकी काय करतो. सूचना कळून तसं वागतो का, दुसऱ्या मुलांजवळ जातो का, बोट दाखवून, मान हलवून, ओढून नेऊन सांगतो का, खेळात हसतो का. असं असेल तर भाषा आत जातेय. दुसरं, त्या शाळेत घरची भाषा बोलणारं कोणी मूल आहे का, त्याच्याशी तरी बोलतो का?

जर तो शाळेत घरच्या भाषेतसुद्धा कोणाशीच बोलत नसेल, अंग आखडून बसत असेल, शू लागली तरी खुणेनेही सांगत नसेल, तर मात्र "बोलेल" म्हणून बसू नका. सिलेक्टिव्ह म्युटिझम नावाची एक अवस्था असते, मूल घरी मोकळं बोलतं आणि ठरावीक ठिकाणी बोलूच शकत नाही. हट्ट नसतो तो, चिंतेचाच प्रकार आहे. निदान करताना शाळेचा पहिला महिना धरत नाहीत आणि नवी भाषा येत नाही एवढंच कारण असेल तर ते निदान लागत नाही, म्हणून घरच्या भाषेतही गप्प आहे का हा प्रश्न महत्त्वाचा. शंका असेल तर स्पीच थेरपिस्ट किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवा, दोन भाषा बोलणाऱ्या मुलांचा अनुभव असलेले मिळाले तर उत्तम. लवकर दाखवलेलं बरं असतं यात.

आणि तोवर "आज बोललास का शाळेत?" हे रोज विचारू नका. कोणाबरोबर खेळलास हे विचारा.

भाप्र_विचारू:
धन्यवाद. खुणा करतो असं बाई म्हणाल्यात, मुलांमागे पळतोही. घरच्या भाषेत बोलणारं कोणी नाहीये तिथे, त्यामुळे ते कळायला मार्ग नाही. शाळा सुटल्यावर वर्ग रिकामा असताना मी त्याच्याबरोबर थोडं खेळायला थांबू का असं विचारून बघते, तिथे माझ्याशी तरी बोलतो का बघते.

पाटीपेन्सिल:
हो, हे चांगलं आहे. वर्ग तोच, माणूस ओळखीचा. बोलला तर मग हळूच वर्गातला एखादा मित्र त्यात येऊ द्या, पण त्याच्याशी बोल म्हणून सांगू नका. आणि बाईंना सुचवून बघा, हातातली बाहुली असते ना, ती वापरायला. बाहुलीला फक्त तीच भाषा येते आणि ती सारखी चुकते. लाल चेंडूला निळा म्हणते. बोलत नसलेली मुलंसुद्धा तिला दुरुस्त करायला तोंड उघडतात, मी खूपदा बघितलंय.

सरळरेषा:
म्हणजे चुका सुधारायच्या, फक्त बाहुलीच्या. बरं. किती वयापर्यंत चालते ही बाहुली?

पाटीपेन्सिल:
आठ-नऊपर्यंत, त्यानंतर बाहुलीपेक्षा बाईंनाच दुरुस्त करायला आवडतं त्यांना. त्याची व्यवस्था मी फळ्यावर चुका सोडून करते.

वहीचं_शेवटचं_पान:
आमच्याकडे ती व्यवस्था करावी लागत नाही, होतेच.